एल्कचे फोटो: नेमकं किती लांब उभं राहायचं?

शिशिर_डॅलस
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी कोलोराडोला जातोय, एस्टेस पार्क आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्क. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, लेक सात वर्षांची आहे. एल्क म्हणजे इकडचं सांबरासारखं मोठं हरीण, त्याच्या माजाचा हंगाम नेमका तेव्हाच असतो असं वाचलं. बाबांना नराची ती साद प्रत्यक्ष ऐकायची आहे आणि मला फोटो हवेत.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. एक मित्र म्हणतो, "या लेन्सने काही होणार नाही. ६०० मिमीची भाड्याने घे, नाहीतर सरळ गावातल्या गोल्फ कोर्सवर जा, तिथे ते दहा फुटांवर येतात." दुसरा म्हणतो गाडीतून उतरूच नका. दोघांचंही पटत नाहीये. किती अंतर ठेवावं, ही लेन्स पुरेल का, आणि म्हातारी माणसं व मूल बरोबर असताना नेमकं कुठे थांबावं? आपल्यालाही धोका नको आणि त्या जनावरालाही त्रास नको, एवढंच.

डेन्व्हरची_मेघना
शिशिर, वेळ अगदी बरोबर निवडलीय. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सगळं ऐन भरात असतं. आम्ही दर शरदात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नियम. या पार्कमध्ये एल्क आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान ७५ फूट, मूस (एल्कहूनही थोराड हरीण) आणि अस्वलांपासून किमान १२० फूट. ७५ फूट म्हणजे २५ यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, तिच्याहून जरासं जास्त. बाबांना एवढं सांगा, त्यांना टेप लागणार नाही. पण हे *किमान* अंतर आहे, फोटोसाठी उभं राहायची जागा नव्हे. माजावर आलेला नर २५ यार्ड कापायला क्षणभरसुद्धा घेत नाही.

दुसरं, १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क, अप्पर बीव्हर मेडोज ही मोठी कुरणं संध्याकाळी ५ पासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पायी उतरायला बंद असतात. रस्त्यावरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच बघायचं. लोकांना हे जाचक वाटतं, पण त्यामुळेच तर कळप निर्धास्तपणे उघड्यावर येतो. सगळे गवतात शिरले तर संध्याकाळी कुरणात एकही एल्क दिसणार नाही.

तुमच्यासाठी जागा: हॉर्सशू पार्कमधलं शीप लेक्सचं पार्किंग. आई-बाबांना चालावं लागत नाही, गाडी हाताशी राहते, समोर अख्खं कुरण. पार्कमध्ये शिरायला या काळात वेळेचं आरक्षण लागतं आणि बेअर लेक रस्त्यासाठी वेगळं. मोरेन पार्क त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा पार्कच्या वेबसाइटवर यंदाच्या वेळा बघून आत्ताच करून ठेवा.

फोकस_दादा
लेन्सबद्दल मी लिहितो, कारण "६०० शिवाय काही नाही" हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. साधं गणित करू.

तुमचा सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमीचा. ३०० मिमीला २३ मीटरवर (म्हणजे मेघनाताईंचे ७५ फूट) चौकटीत किती जागा मावते? रुंदीला १.८ मीटर, उंचीला १.२ मीटर. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेपटीपर्यंत सव्वादोन-अडीच मीटर लांब आणि खांद्याशी दीड मीटर उंच असतो, वर शिंगं वेगळी. म्हणजे कायद्याने परवानगी असलेल्या सगळ्यात जवळच्या जागेवरून तुमच्या लेन्समध्ये तो *मावतच नाही*. पाय कापले जातील नाहीतर शिंगं.

आता ५० मीटरवर या. रुंदी ३.९ मीटर, उंची २.६. शिंगांसकट नर काठोकाठ बसतो. १०० मीटरवर ७.८ गुणिले ५.२: नर, दोन-तीन माद्या, थोडं गवत, मागे अस्पेनची पिवळी झाडं. माझ्या मते एल्कचा खरा फोटो इथे आहे. म्हणजे या झूमचा उपयोग ५० ते १०० मीटरच्या टप्प्यातच सगळ्यात चांगला होतो. सुरक्षित अंतर आणि चांगला फोटो यांच्यात भांडण आहे, हा समज मुळात चुकीचा आहे.

लांब लेन्स भाड्याने घ्यायचीच तर १५०-६०० घ्या, पण ती प्रकाश कमी असताना चेहऱ्याचे बारकावे टिपायला. जवळ जायला पर्याय म्हणून नको.

माळढोक
वाचनखूण साठवली. फोकस_दादा, हे गणित मोबाइललाही लावून दाखवा ना.

फोकस_दादा
@माळढोक, मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी साधारण २४-२६ मिमीच्या लेन्सएवढी रुंद असते. ५० मीटरवर सत्तर मीटर रुंदी चौकटीत येते, त्यात एल्क म्हणजे ठिपका. म्हणूनच सगळ्यात जास्त धोका मोबाइलवाले पत्करतात. ठिपका मोठा करायला माणूस पावलं टाकत जातो आणि स्क्रीनकडे बघत असल्यामुळे जनावर किती जवळ आलंय हे त्याला कळतच नाही.

जयंत_७१
थोडा वेगळा सूर लावतो. ही सगळी भीती जरा वाढवून सांगितली जाते. एस्टेस पार्क गावात एल्क रस्त्यावर, लोकांच्या अंगणात, तळ्याकाठी फिरतात. माणसांची त्यांना पूर्ण सवय आहे. मी फुटपाथवरून पंधरा फुटांवरून मोबाइलने फोटो काढलेत, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. वाघ-बिबळ्या नाही, गवत खाणारं जनावर आहे. नियम सरसकट सगळ्यांसाठी करावा लागतो हे मान्य, पण अनुभवी माणसाला स्वतःचा अंदाज असतो.

डेन्व्हरची_मेघना
जयंतराव, आदर राखून, पण इथे मी अजिबात सहमत नाही. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर याच एस्टेस पार्कमध्ये आठवड्याभरात दोन लहान मुलांना एल्कच्या माद्यांनी तुडवलं. एक आठ वर्षांची मुलगी सायकल चालवत होती, एक चार वर्षांचा मुलगा खेळायच्या मैदानात होता. कुणी फोटो काढायला जवळ गेलं नव्हतं. पाडसं जवळपास गवतात लपवलेली होती आणि मादीने आपलं काम केलं. यलोस्टोनमध्ये मॅमथ हॉट स्प्रिंग्जला जून २०१८ मध्ये एकाच आठवड्यात दोन स्त्रियांना माद्यांनी पुढच्या पायांनी लाथा घातल्या, त्याही इमारतींच्या परिसरात.

माणसाची सवय झालेलं जनावर पाळीव होत नाही. उलट रानातला एल्क शंभर मीटरवरूनच निघून जातो. गावातला जात नाही, म्हणून तो कधी बिथरेल हे कळायला आपल्याला वेळच मिळत नाही.

पेनसिल्व्हेनियाचा_पक्या
+१ मेघनाताई. "गवत खाणारं जनावर" हा युक्तिवाद आपल्याकडे गव्यासमोर कुणी करून बघावा.

जयंत_७१
माद्यांचं हे माहीत नव्हतं, खरंच. पण प्रश्न सप्टेंबरचा आहे. तेव्हा पाडसं मोठी झालेली असतात ना?

वनबाला_नागपूर
पाडसं मे-जूनमध्ये होतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये माद्यांचा तो ताण बराच उतरलेला असतो. पण तेव्हा नर माजावर असतात आणि त्यांचं सगळं लक्ष दोनच गोष्टींवर: आपल्या माद्या आणि दुसरे नर. तुम्ही त्यांच्या हिशेबात नसता, आणि म्हणूनच मध्ये सापडता.

मी ताडोबा, नागझिरा, कान्हा भागात बरीच वर्षं जाते. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे आले असताना यलोस्टोनमध्ये एल्क पाहिले. सांबर आणि बारशिंगे पाहिलेल्या माणसाला बरंच ओळखीचं वाटतं. बारशिंगा माजात शिंगांवर गवत अडकवून मिरवतो, एल्कचा नरही झुडपं, गवत शिंगांनी उपटतो आणि तसाच फिरतो. चिखलात लोळणं, स्वतःच्या लघवीचा वास अंगाला लावणं, सगळं तेच.

अंतर यार्डांत मोजायला शिकाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जनावर वाचायला शिका. चरणारा एल्क चरायचा थांबला आणि तुमच्याकडे एकटक बघू लागला, तर तुम्ही आत्ताच जास्त जवळ आहात, मग अंतर ७५ फूट असो वा २००. कान मागे चपटे झाले, मान ताठ वर गेली, दात खाल्ल्यासारखा आवाज आला, तर मागे सरका. नर अंग आडवं करून शिंगं दाखवत तिरका चालू लागला किंवा झुडपावर शिंगं आपटू लागला, तर कॅमेरा खाली घ्या आणि निघा. वरचा ओठ उलटा दुमडून तोंड आभाळाकडे केलं तर मात्र घाबरू नका, तो मादीचा वास घेतोय, तुमच्याशी त्याचा संबंध नाही. तो फोटो जरूर काढा.

आणि नर व त्याच्या माद्या यांच्या मध्ये, किंवा दोन नरांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. ही एक गोष्ट सातवीतल्या नातवालाही मी शिकवली.

शिशिर_डॅलस
वनबालाताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवणार आहे. पण तो खरंच अंगावर आला तर? पळायचं की उभं राहायचं? अस्वलांबद्दल "पळू नका" वाचलंय.

वनबाला_नागपूर
एल्कच्या बाबतीत पळा! अस्वलाचा नियम इथे लावू नका. गाडीत शिरा, नाहीतर जाड झाड, भिंत, मोठा दगड, जे काही भक्कम असेल ते मध्ये घ्या, शक्य तितक्या लवकर. म्हणूनच उभं राहण्याआधी आडोसा बघून ठेवायचा असतो. आई-बाबांना पळता येणार नाही, त्यामुळे ते गाडीच्या दाराशीच बरे.

सह्यकडा_बे_एरिया
आमच्याकडे कॅलिफोर्नियात ट्युली एल्क आहेत, पॉइंट रेयेसला टोमालेस पॉइंटच्या वाटेवर. एल्कमधली सगळ्यात लहान जात, आणि फक्त कॅलिफोर्नियातच सापडते. १८७० च्या दशकात ती जवळजवळ नामशेष झाली होती. आज समुद्राकडच्या धुक्यात उभा नर दिसतो तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी एक उपाय सांगते. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) ट्रायपॉडवर लावायचा आणि मोबाइल त्याच्या भिंगामागे क्लिपने बसवायचा. दीडशे मीटरवरूनही चेहरा दिसतो. फोटो कॅमेऱ्याइतका लखलखीत येत नाही, पण व्हिडिओ छान येतो. आणि मुख्य म्हणजे मुलं, आजी-आजोबा सगळे आळीपाळीने बघू शकतात. शिशिर, बाबांना हे फार आवडेल. साधी ८x४२ दुर्बीण तरी न्याच.

चहाबाज
दुर्बीण, स्कोप, ट्रायपॉड, सगळं आलं. चहाच्या थर्मासबद्दल कुणीच कसं बोलत नाही? सप्टेंबरच्या शेवटी तिथे पहाटे पाणी गोठायला आलेलं असतं!

डेन्व्हरची_मेघना
@चहाबाज, थर्मास आमच्या यादीत कॅमेऱ्याच्याही आधी असतो. खरंच न्या.

आणि शिशिर, एस्टेस पार्क साडेसात हजार फुटांवर आहे. आई-बाबांना पहिल्या दिवशी विश्रांती द्या, पाणी भरपूर. ट्रेल रिज रोडवर नेणार असाल तर तो बारा हजारांच्या वर जातो, ते तिसऱ्या दिवशी करा.

रोहन_एनजे
एक युक्ती. यूट्यूबवर एल्कच्या आवाजाचे व्हिडिओ आहेत. मोबाइलवर लावले की नर उत्तर देतो आणि जवळ येतो. चालत जायची गरजच नाही, अंतराचा नियमही मोडत नाही. :)

वनबाला_नागपूर
रोहन, कृपया असं करू नका. मी हात जोडून सांगते. ताडोबात पक्षी बोलावायला लोक हेच करतात आणि तिथेही मी हेच म्हणते.

नर या महिन्यात धड चरत नाही. रात्रंदिवस माद्या राखतो, दुसऱ्या नरांना हुसकावतो, वजन उतरतं, आणि लगेच पुढे बर्फाचे महिने येतात. तुमच्या खोट्या हाकेला तो उठून येतो तेव्हा जी ताकद जाते ती त्याला जानेवारीत लागणार असते. तो इकडे आला की तिकडे दुसरा नर त्याच्या माद्या पळवतो, ते वेगळंच.

डेन्व्हरची_मेघना
शिवाय पार्कमध्ये खोटे आवाज काढणं बेकायदा आहे. यलोस्टोनमध्येही. रात्री टॉर्च किंवा झोत टाकून बघणंही. ड्रोनला सगळ्याच राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. संध्याकाळी कुरणाकाठी एल्क ब्युगल कोरचे स्वयंसेवक उभे असतात, बहुतेक निवृत्त मंडळी. त्यांना विचारा, इतक्या प्रेमाने माहिती देतात की युक्त्यांची गरजच वाटत नाही.

रोहन_एनजे
समजलं. असा विचार केला नव्हता. मोबाइल खिशात.

पेनसिल्व्हेनियाचा_पक्या
रोहन, तू न्यू जर्सीत आहेस तर कोलोराडोपर्यंत जायचीही गरज नाही. पेनसिल्व्हेनियात बेनेझेट म्हणून छोटंसं गाव आहे, तिथे विन्स्लो हिलवर रानटी एल्कचा कळप आहे. इथले मूळचे एल्क एकोणिसाव्या शतकात शिकारीने संपले. १९१३ पासून यलोस्टोनहून आणून पुन्हा सोडले. व्हिजिटर सेंटर आहे, बघायला बांधीव जागा आहेत, म्हणजे अंतराचा प्रश्न जागेनेच सुटतो. सकाळी धुकं, मेपलची लाल झाडं. रॉकीज नाहीत मागे, पण फोटो फार वेगळा येतो.

दक्षिणेकडच्या मंडळींसाठी ग्रेट स्मोकीजमध्ये कॅटालूची खोरं. तिथे २००१ मध्ये एल्क परत आणले. नियम कडक, ५० यार्ड.

इतिहासवेडा
अवांतर: एस्टेस पार्कची गोष्टही तशीच आहे. गोऱ्या वसाहतीनंतर काही दशकांतच तिथले एल्क मांसासाठी मारून संपवले. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून रेल्वेने आणि मग गाड्यांतून थोडे आणले. १९१५ मध्ये पार्क झाला, आत शिकार बंद. लांडगे आणि ग्रिझली अस्वलं आधीच संपलेली. मग एल्क एवढे वाढले की विलो आणि अस्पेनची कोवळी झाडं उरेनात. शिशिर, मोरेन पार्कमध्ये उंच जाळीची कुंपणं दिसतील, ती एल्कला नव्हे, झाडांना वाचवायला आहेत. फोटोत येऊ नयेत म्हणून लोक चडफडतात. मी मात्र मुद्दाम एक फोटो कुंपणासकट काढतो. आत दाट हिरवं, बाहेर खुरटलेलं. त्या जागेचा शंभर वर्षांचा हिशेब एका चौकटीत येतो.

२०२३ च्या डिसेंबरात कोलोराडोने लांडगे परत सोडले. पुढे काय होतं ते बघायचं.

माळढोक
@इतिहासवेडा, असाच एक वेगळा धागा काढा ना. कान्हाच्या बारशिंग्यांचंही त्यात येऊ द्या.

वनबाला_नागपूर
बारशिंग्यांचं मी लिहीन. १९७० च्या सुमारास कान्हात ६६ उरले होते. तिथून ते परत वाढवले, ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे आणि आपण ती पुरेशी सांगत नाही.

गणिती_मामा
मूळ विषयाकडे. अंगठ्याच्या नियमाचा उल्लेख कुणी केला नाही. हात सरळ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा, अंगठ्याने जनावर झाकलं गेलं तर अंतर ठीक. पण अंगठा कसा धरायचा यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून मोजून पाहिलं. माझा हात ६० सेंमी, अंगठा २ सेंमी रुंद आणि ६ सेंमी लांब.

अंगठा *आडवा* धरला तर २.४ मीटरचा एल्क २४ मीटरवर झाकला जातो, म्हणजे जेमतेम २५ यार्ड. *उभा* धरला, म्हणजे त्याच्या रुंदीने झाकायचा म्हटलं, तर ७२ मीटर लागतात. मुलांना उभा अंगठा शिकवा. फोकस_दादांचा ५० ते १०० मीटरचा टप्पा आपोआप साधतो.

शिशिर_डॅलस
मामा, जबरदस्त! लेकीला आजच दाखवलं. सोसायटीतल्या कुत्र्यापासून ते समोरच्या ट्रकपर्यंत सगळं अंगठ्याने झाकून बघतेय.

बॅन्फकर
कॅनडातून भर घालतो. बॅन्फ, जॅस्परला एल्क, हरणं, मूस यांच्यापासून ३० मीटर आणि अस्वल, लांडगे, कायोटी (लांडग्याचाच लहान भाऊबंद), प्यूमा (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० मीटर सांगतात. वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक पार्कमध्ये सगळ्याच प्राण्यांपासून ५० यार्ड. तिथले रुझवेल्ट एल्क अंगाने सगळ्यात भारी. होह जंगलात शेवाळाने भरलेल्या झाडांत ते दिसतात, पण तिथे उजेड इतका कमी की ३०० मिमीने हाल होतात. प्रत्येक पार्कचे आकडे वेगळे आहेत, गेटवर मिळणारा कागद वाचाच.

यलोस्टोनला एल्क, बायसन (तिथले रानगवे) वगैरेंसाठी २५ यार्ड, अस्वल-लांडगे-प्यूमा यांच्यासाठी १००. तिथे एल्क बघताना अस्वलाचाही विचार करावा लागतो. मेलेलं जनावर दिसलं, कावळे जमलेले दिसले, तर तिकडे फिरकायचं नाही. बेअर स्प्रे (अस्वलाला परतवायचा तिखट फवारा) पिशवीत नको, कमरेला हवा.

स्नेहा_लेन्स
प्रत्यक्ष फोटोबद्दल थोडं, कारण शिशिरच्या लेन्सची खरी अडचण अंतर नाही, उजेड आहे.

मोरेन पार्क आणि हॉर्सशू पार्कच्या पश्चिमेला डोंगर आहेत. संध्याकाळी सूर्य घड्याळाआधीच डोंगरामागे जातो आणि कुरण सावलीत पडतं. सकाळी मात्र पूर्वेचा उजेड सरळ कुरणात उतरतो. मला विचाराल तर फोटो सकाळी, ऐकणं संध्याकाळी. थंड सकाळी सूर्य नराच्या मागे असेल अशी जागा मिळाली तर साद घालताना तोंडातून निघालेली वाफ उजळते.

साद घालताना तो मान वर करून शिंगं पाठीवर टेकवतो. चौकटीत त्याच्या मागच्या बाजूला जागा सोडा, नाहीतर शिंगांची टोकं कापली जातात. तेवढ्या क्षणी तो स्थिर असतो, १/२५० सेकंदाचा शटर पुरतो. मादीमागे धावताना मात्र १/१००० हवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

गाडीतून काढणार असाल तर खिडकीवर बीनबॅग (तांदळाची छोटी पिशवीही चालते), इंजिन बंद, आणि हीटर दहा-पंधरा मिनिटं आधीच बंद करा. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते आणि लांबच्या लेन्सला समोरचं सगळं लहरताना दिसतं. लोक लेन्सला दोष देत बसतात. थंडीतून परत गाडीत शिरताना कॅमेरा बॅगेत बंद करा, नाहीतर काचेवर दव धरतं.

जयंत_७१
स्नेहाताई, गाडीतून काढलेला फोटो वरून खाली बघितल्यासारखा येतो. जमिनीलगत बसून काढलेल्या फोटोची सर त्याला नाही. हा मुद्दा तरी मान्य कराल?

स्नेहा_लेन्स
मान्य, जवळच्या प्राण्याच्या बाबतीत. पण जयंतराव, कोन अंतराने बदलतो. डोळ्याची उंची दीड मीटर धरा. १० मीटरवरच्या एल्ककडे बघताना आणि ८० मीटरवरच्या एल्ककडे बघताना, दुसऱ्या वेळी नजर जवळजवळ सपाट होते. जमिनीवर न बसताही तो परिणाम लांबून मिळतो. शिवाय खाली बसलेल्या माणसाला उठून गाडीत शिरायला वेळ लागतो.

जयंत_७१
हे पटलं. ऑक्टोबरमध्ये जातोय, ८० मीटरवरून काढून इथे टाकतो.

कुत्राप्रेमी_अनघा
आमचा लॅब्राडोर बरोबर असतो. पट्टा लावून कुरणाकाठी चालेल का?

डेन्व्हरची_मेघना
नाही अनघा. या पार्कमध्ये कुत्र्यांना वाटांवर आणि कुरणांत मनाई आहे, फक्त रस्ते, पार्किंग, कॅम्पसाइट. एल्कला तो लांडगा-कायोटीच्या जातीचाच वाटतो. शांत कुत्र्यालाही बघून मादी चाल करते.

बॅन्फकर
गाडी म्हणजे किल्ला असंही समजू नका. यलोस्टोनच्या मॅमथला पूर्वी "नंबर सिक्स" नावाने प्रसिद्ध असलेला नर होता, तो गाड्यांवरच धावून जायचा. शेवटी पार्कला त्याची शिंगं कापावी लागली होती. नर गाडीकडे बघून शिंगं खाली करू लागला तर काच वर, आणि हळूच गाडी पुढे.

कोकणकन्या
एक वेगळा प्रश्न. आपण नियम पाळतो, पण शेजारचा माणूस कुरणात शिरतो आणि कळप आपल्या दिशेने ढकलला जातो. तेव्हा काय करायचं? माझ्यासमोर असं झालंय आणि लोक उलट खूश होतात, जवळून फोटो मिळाले म्हणून.

वनबाला_नागपूर
फार योग्य प्रश्न. एल्क तुमच्याकडे चालत आला तरी अंतर राखणं तुमचंच काम. तो येतोय तेवढे तुम्ही मागे. त्या माणसाशी वाद घालत बसू नका, आवाजाने कळप आणखी बिथरतो. रेंजर किंवा स्वयंसेवकाला सांगा. आणि तसे मिळालेले फोटो मी तरी कुठे लावत नाही. पळवलेल्या कळपाचे डोळे फोटोत कळतात, ज्याने शांत चरणारा कळप पाहिलाय त्याला लगेच कळतात.

शिशिर_डॅलस
मंडळी, कालच परत आलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

लेन्स भाड्याने घेतली नाही. ७०-३०० पुरली. शीप लेक्सच्या पार्किंगला सकाळी उजाडायच्या आधी पोचलो. आई गाडीतच शाल घेऊन बसली, खिडकी अर्धी खाली. बाबा स्कोपला लागले ते हलेनात. साद सुरू झाली तेव्हा आधी खालचा, मग चढत जाणारा तो लांब आवाज, शेवटी घोगरे हुंकार. बाबा म्हणाले, "एवढ्या मोठ्या जनावराचा आवाज एवढा बारीक?" तेच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं.

लेकीने उभा अंगठा धरून सांगितलं, "झाकला गेला!" शेजारचे दोन टेक्सन आजोबाही मग अंगठे धरून उभे राहिले. नर ९० मीटरच्या आसपास होता, पंधरा-सोळा माद्या, एक तरुण नर लांबून घिरट्या घालत. सगळ्यात आवडलेला फोटो ३०० ला नाही, १८० ला आहे: डावीकडे म्हातारा नर, उजवीकडे तो तरुण, मधे सगळा कळप आणि दवाचं गवत. १/६४०, एफ ५.६, आयएसओ ३२००. फोकस_दादा, हा फोटो दहा फुटांवरून निघालाच नसता.

संध्याकाळी गावातल्या तळ्याकाठी एक नर फुटपाथवर आला. आम्ही रस्ता ओलांडून दुकानाच्या ओट्यावर गेलो. तो गेल्यावर आईने आइस्क्रीम घेतलं.

फोकस_दादा
१८० चा फोटो मोठा करून पाहिला. तरुण नराचे कान बघा, पूर्ण वेळ म्हाताऱ्याकडे. हेच तर हवं होतं.

गणिती_मामा
टेक्सन आजोबांच्या अंगठ्यांबद्दल विशेष आनंद झाला.

कोकणकन्या
सुंदर! शिशिर, आमची सुट्टी डिसेंबरातच असते. हिवाळ्यात कुठे? लहान मुलं आहेत, बर्फात चालवत नाही.

बॅन्फकर
वायोमिंगमध्ये जॅक्सन. गावाला लागूनच नॅशनल एल्क रेफ्यूज आहे, १९१२ पासून. हिवाळ्यात डोंगरातून हजारो एल्क तिथे उतरतात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत घोड्यांच्या घसरगाड्यांतून कळपाजवळून फिरवतात. ते घोडे आणि गाड्या एल्कच्या सवयीच्या असतात. गाडीत बसूनच राहायचं, उतरायचं नाही, त्यामुळे मुलांची काळजी नको. नरांची शिंगं तेव्हा डोक्यावरच असतात, मार्च-एप्रिलमध्ये गळतात. ७०-३०० तिथेही पुरते. हातमोजे मात्र बोटं उघडी राहतील असे घ्या, शटर दाबता आलं पाहिजे.